स्थानिक शास्त्रज्ञ म्हणजे कोण? कीटकजन्य रोगांच्या संशोधनाचा इतिहास आणि आपण

हिवताप, प्लेग, हत्तीरोग, डेंग्यू या कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांचा विचार जेथे जेथे होतो, तेथे एक विधान हमखास केले जाते. ज्या प्रदेशात रोग आहे, त्या प्रदेशातच शास्त्रज्ञ तयार झाले पाहिजेत. बाहेरून आलेला तज्ज्ञ निघून जातो आणि डास मात्र जागच्या जागी राहतो. विधान बिनतोड आहे आणि ते मला मान्य आहे. परंतु या विधानातला 'स्थानिक' हा शब्द मी तपासून पाहू इच्छितो. मी तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. माझ्या वर्गातली निम्मी मुले ज्या वस्त्यांतून येत, तेथे डास पुस्तकातला प्राणी नव्हता, रात्रीचा शेजारी होता. म्हणून मला विचारावेसे वाटते की, आपल्या देशात स्थानिक शास्त्रज्ञ घडवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत स्थानिक कोणाला म्हटले गेले? आणि जे सर्वांत अधिक स्थानिक होते, त्यांच्या वाट्याला काय आले?

इतिहासाची सुरुवात सर्वांना ठाऊक असलेल्या घटनेपासून करू. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीची वाढ होत असलेली आढळली. पुढल्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्यांनी डासातील त्याचे जीवनचक्र पूर्ण मांडले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे आपण शाळेत शिकतो. परंतु सिकंदराबादेतील ते डास हुसेन खान नावाच्या एका रुग्णाच्या रक्तावर पोसलेले होते, आणि त्याला एका डासामागे एक आणा दिला जात होता, हे आपण शिकत नाही. कलकत्त्यात महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्यांच्या हाताखाली राबत होता, हेही आपण शिकत नाही. रॉस यांनी स्वतः ही नावे लिहून ठेवली, म्हणून ती उरली तरी. पुढे ज्या हजारो माणसांनी असे डास पकडले, त्यांची नावे फारशी कोणी लिहिली नाहीत.

रॉस यांचे श्रेय मला हिरावून घ्यायचे नाही. प्रश्न त्यांचा होता, शोध त्यांचाच. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या व्यवस्थेतील कामाच्या वाटणीकडे. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने रक्त द्यायचे, तिसऱ्याने डास पकडायचे; आणि ज्ञान मात्र पहिल्याच्या खात्यावर जमा व्हायचे. रॉस गेले, साहेब गेले, पण ही वाटणी गेली नाही.

मुंबईच्या प्लेगचा इतिहास हेच अधिक ठळकपणे सांगतो. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात प्लेगचे निदान केले ते मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. म्हणजे येथला डॉक्टर रोग ओळखू शकत होता. त्यानंतर घरझडत्या आणि सक्तीची इस्पितळ-भरती सुरू झाली आणि लोक शहर सोडून पळू लागले. हलालखोर आणि बिगारीही निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी आपल्या अहवालात नोंदवली आहे. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. ज्यांना शहराने माणसात धरले नव्हते, त्यांच्यावाचून शहराचे आरोग्य एक दिवसही टिकत नाही, हे सरकारने कागदावर कबूल केले. पण कबुली तेवढ्यापुरतीच होती. हलालखोराने शहरात राहावे एवढीच अपेक्षा होती. मेलेला उंदीर प्रथम कोठे दिसला, कोणत्या चाळीत दिसला, हे त्याला विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. वस्तुतः उंदीर आधी मरतात आणि माणसे मागाहून मरतात, या निरीक्षणातच प्लेगचे अर्धे रहस्य होते.

त्याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः वाहून तेथे आणले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो, ही गोष्ट तेव्हा कोणालाही सिद्ध करता आलेली नव्हती. पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत १८९८ साली पिसवेचा प्रयोग केला. त्यावर कितीतरी वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन यांनी आणि १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने हजारो उंदीर तपासले, तेव्हा कोठे पिसवेचा दोष पक्का झाला. हे उंदीर शहराच्या गल्लीबोळांतून गोळा करून आणणारे हात कोणाचे होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

परळची ही प्रयोगशाळा १८९९ साली सुरू झाली आणि १९२५ साली तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव देण्यात आले. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग केला. या संस्थेला पहिला भारतीय संचालक मिळाला तो १९३२ साली, साहिबसिंग सोखे यांच्या रूपाने. तेहेतीस वर्षे लागली. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला खुर्ची द्यायला लावलेला हा वेळ आहे. काळ्या माणसाने आपल्याहून खाली ढकललेल्या माणसाला खुर्ची द्यायला किती वेळ लावला, याचा हिशेब पुढे येईलच.

स्वातंत्र्याच्या आसपास मात्र भारतीय शास्त्रज्ञांनी खरोखर मोठे काम केले, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी १९४५-४६ च्या सुमारास कारवार आणि धारवाड जिल्ह्यांच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग केले. त्यामागचा विचार सोपा आहे. ॲनॉफिलिसची मादी माणसाचे किंवा गुराचे रक्त पिऊन जड होते आणि विसाव्यासाठी बहुधा जवळच्याच भिंतीवर बसते. तिच्या अंगातील परोपजीवी दुसऱ्या माणसाला रोग देण्याइतका पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात. या काळात ती एकदा जरी विषारी भिंतीवर बसली, तरी साखळी तुटते. प्रत्येक डबके शोधत हिंडण्यापेक्षा हा मार्ग खेड्यांना परवडणारा होता. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाचा पाया अशाच प्रयोगांनी घातला गेला.

पुण्यात १९५२ साली अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढले. प्रारंभीचे संचालक अमेरिकन होते. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकले आणि पुढे वर सांगितलेले टी. रामचंद्र राव हे कीटकशास्त्रज्ञ या केंद्राचे संचालक झाले. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू याच केंद्राने शोधला. तो गोचिडीमार्फत पसरतो. गोचीड आठ पायांची असल्याने काटेकोर अर्थाने कीटक नव्हे, पण काम तेच करते. १९६५ साली नागपूरजवळ तापाची साथ आली असता चांदीपुरा विषाणू सापडला, तो प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या भारतीय शास्त्रज्ञांना. तो वाळूमाशी पसरवते, आणि ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांतून राहते. २००३ साली आंध्र प्रदेशात या रोगाने ३२९ मुलांना गाठले आणि त्यांपैकी १८३ मुले दगावली. विषाणूची ओळख अडतीस वर्षांपूर्वी येथेच पटलेली नसती, तर त्या साथीचे कारण शोधायला कितीतरी अधिक काळ लागला असता. स्थानिक शास्त्रज्ञ घडवण्याचे मोल हे असे असते.

१९७८ साली या केंद्राचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर झाले आणि डॉ. खुर्शीद पावरी या महिलेने तिची धुरा वाहिली. ही संस्था पुण्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावर आहे. पत्त्यात बाबासाहेबांचे नाव असणे ही एक गोष्ट आणि बाबासाहेबांच्या लेकरांनी त्या पत्त्यावर शास्त्रज्ञ म्हणून जाणे ही दुसरी गोष्ट. अशा सर्वच संस्थांच्या बाबतीत मला या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे.

कीटकजन्य रोगांच्या संशोधनात एक माणूस असा आहे की, त्याच्यावाचून पान हलत नाही. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात त्याला 'कीटक समाहारक' म्हणतात. हातात काचेची नळी आणि बॅटरी घेऊन तो पहाटे गोठ्यांत, झोपड्यांत, छपरांच्या वळचणींत डास शोधतो. तोंडाने अलगद हवा ओढून डास जिवंत नळीत घेतो. शेपटाकडचा भाग वर करून तिरका बसलेला ॲनॉफिलिस तो बॅटरीच्या उजेडात दुरून ओळखतो. कोणत्या महिन्यात कोणता डास वाढतो, गुरे विकली गेली की डास माणसाकडे कसे वळतात, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्याबरोबर असतात हंगामी फवारणी कर्मचारी: पाठीवर पंप, तोंडाला फडके, पावसाळ्यापुरती नोकरी. या माणसांनी आणलेल्या डासांवर प्रबंध लिहिले जातात, पदव्या मिळतात; आणि प्रबंधाच्या शेवटी 'क्षेत्र कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ येते.

माझ्या वर्गात एका फवारणी कर्मचाऱ्याचा मुलगा होता. डीडीटीचे कार्य मी फळ्यावर समजावून सांगत असता तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण भिंत सारवली तर?" त्याचे म्हणणे असे की, फवारणीच्या तारखा जिल्ह्याच्या कचेरीत ठरतात आणि भिंती सारवण्याच्या तारखा पोळ्याला, गौरी-गणपतीला, दसऱ्याला ठरतात. आज फवारलेल्या भिंतीवर आठ दिवसांनी शेणमातीचा हात फिरला की औषध खाली आणि डास वर. त्याचे वडील हे दर वर्षी साहेबांना सांगत आणि साहेब दर वर्षी तारीख आहे तीच ठेवत. सारवणामुळे फवारणी निष्फळ होते, ही गोष्ट हिवतापाच्या तज्ज्ञांनाही पुढे मान्य करावी लागली आणि आज ती मार्गदर्शक सूचनांत असते. मग त्या बापाचे निरीक्षण शास्त्रीय नव्हते काय? त्याने कारण पाहिले होते, परिणाम पाहिला होता आणि उपायही सुचवला होता. त्याच्याजवळ नव्हते ते एवढेच: त्याचे बोलणे लिहून घेणारी वही. तो मुलगा पुढे एका संशोधन संस्थेत मुलाखतीला गेला, तेव्हा त्याला डासांविषयी दोन प्रश्न विचारले गेले आणि त्याच्या इंग्रजीविषयी पाच.

अशा बहिरेपणाची किंमत देशाला मोजावी लागते. १९५३ साली भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास आली. विजय झाला असे समजून यंत्रणा सैल पडली. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, औषधांचा पुरवठा अडला, शहरांतील डासांकडे दुर्लक्ष झाले आणि १९७६ साली नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. भिंतीवरचा डास आता मरत नाही, हे सर्वांत आधी कोणाला दिसत असेल? भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसालाच. पण त्याचे काम मोजून आणण्याचे होते. मोजलेल्याचा अर्थ लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता.

हा अधिकार का दिला गेला नाही, याचे उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. १९३६ साली जातिभेद-निर्मूलनाची मांडणी करताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था कामाच्या विभागणीवर थांबत नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच एकमेकांपासून विभागणी करते आणि त्यांना उतरंडीत बसवते. प्रयोगशाळा या उतरंडीच्या बाहेर आहे, असा आपल्या विज्ञाननिष्ठ मंडळींचा समज असतो. परंतु घाणीत हात घालणारा वेगळा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारा वेगळा, ही रचना प्रयोगशाळेने गावगाड्यातूनच उचलली आहे. फरक इतकाच की, गावगाड्यात तिला धर्माचा आधार होता आणि येथे तिला गुणवत्तेचा आधार दिला जातो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच प्रश्न शिक्षणाच्या बाबतीत मांडला होता. वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचे गृहीत त्यांनी खोटे ठरवले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, अशी मागणी केली. मला ही स्थानिक शास्त्रज्ञाची पहिली व्याख्या वाटते. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या, त्यामागेही हेच धोरण होते. कारकुनी मिळवून समाज वर येणार नाही; ज्ञान निर्माण करण्याच्या जागा हाती आल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढताना त्यांनी कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही ठेवली, ती काही हौसेखातर नव्हे.

परंतु ज्ञान निर्माण करण्याच्या त्या जागांचे दार कसे होते? १९७५ साली केंद्र सरकारने एक आदेश काढला. संशोधन करणारी आणि संशोधनाला दिशा देणारी जी वैज्ञानिक व तांत्रिक पदे पहिल्या वर्गाच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर आहेत, त्यांना आरक्षणातून सूट देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे दारात यायला आरक्षण. प्रश्न कोणता विचारायचा हे जेथे ठरते, त्या माडीवर मात्र नाही. १९९२ सालच्या मंडल निकालातही सर्वोच्च न्यायालयाने संशोधनाची काही पदे आरक्षणाबाहेर ठेवणे योग्य ठरेल, असे मत नोंदवले. आमच्या संघटना वसतिगृहांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी लढल्या. या आदेशाविरुद्ध मात्र तेवढ्या जोराने आपण उभे राहिलो नाही, कारण शास्त्रज्ञ होणे हा आपला प्रश्न आहे, असेच आपल्याला फारसे वाटले नाही.

दलित साहित्याने आफ्रिकी आणि काळ्या अमेरिकन लेखकांकडे पाहून बळ घेतले. विज्ञानाच्या बाबतीतही आफ्रिकेकडे पाहण्याजोगे आहे. पश्चिम आफ्रिकेतील माली हा अत्यंत गरीब देश. तेथे बामाको शहरात हिवताप संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पैसा आणि साहाय्य बऱ्याच अंशी अमेरिकेतून आले, पण ते चालवले मालीच्याच माणसांनी. त्यांत प्रमुख होते ओगोबारा डुंबो. डोगोन जमातीतील, पारंपरिक वैद्यांच्या घराण्यात जन्मलेला हा मुलगा डॉक्टर झाला, परोपजीवीशास्त्रज्ञ झाला, आणि २०१८ साली मृत्यू येईपर्यंत आपल्याच देशातील तरुणांना शिकवत राहिला. त्यांचे सहकारी येया तुरे यांनी आफ्रिकेतील डासांच्या पोटजातींवर मूलभूत संशोधन केले. खेड्यात लसीची चाचणी घ्यायची तर आधी गावच्या वडीलधाऱ्यांशी बसून बोलायचे, ही रीत तेथे पाळली गेली. ज्या माणसाच्या घरात हिवताप आला आहे, त्याने हिवतापाचा प्रश्न विचारला की विज्ञान पातळ होत नाही, अधिक नेमके होते, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. क्यासनूरचा तो रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला. तेथले लोक त्याला माकडताप म्हणतात. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्या मजुरांना आणि जंगलात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांना त्याने गाठले. मेलेले माकड पहिल्यांदा दिसते ते त्यांनाच. गडचिरोलीत हिवतापाचे पहिले निदान अनेकदा गावातली आशा कार्यकर्ती करते. बोटातून थेंबभर रक्त काढून पट्टीवर टाकते आणि निकाल वाचते. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. एका डासामागे एक आणा या हिशेबापासून आपण फार दूर आलेलो नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कीटक समाहारकाला आणि आशाला पगारी रजा देऊन कीटकशास्त्राच्या पदवीपर्यंत शिकण्याचा मार्ग खुला करावा. हे प्रशिक्षण मराठीत व्हावे; गोंडी, कोरकू बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत समजावणारे शिक्षक असावेत. ज्याने नमुना आणला आणि निरीक्षण सांगितले, त्याचे नाव निबंधावर यावे. संशोधन-पदांच्या सवलतीचा आदेश रद्द करण्यासाठी आपल्या संघटनांनी आवाज उठवावा. आणि शिक्षकबंधूंना माझे सांगणे असे की, प्राणिशास्त्राच्या तासाला "तुमच्या वस्तीत डास कोठे बसतो?" हा प्रश्न मुलांना विचारा आणि त्यांची उत्तरे वहीत लिहून घ्या. त्या वहीवर तारीख टाका, मुलाचे पूर्ण नाव लिहा, आणि ती जिल्हा हिवताप अधिकाऱ्याकडे नेऊन द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.